उशीर झाला म्हणून काय झालं?

हिंजवडीचा तिसरा टप्पा संपता संपता आमचं माण लागतं. एका बाजूला काचेच्या इमारती, मेट्रोचा डेपो, आणि दुसऱ्या बाजूला अजून तग धरून असलेली शेतं. इथल्या आमच्या सोसायटीत मी दर शनिवारी संध्याकाळी पुस्तकांच्या दोन पेट्या उघडून बसते. वाचनालय म्हणण्याइतकं ते मोठं नाही. कुणी लातूरचं, कुणी अकोल्याचं, कुणी इंदूरचं. कामाधंद्यासाठी आलेल्या घरांतली मुलं येतात, पुस्तक नेतात, आणून देतात. हल्ली त्यांची मागणी ठरलेली. "काकू, स्पायडरमॅन आहे? बॅटमॅन आहे?" आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आयांचा प्रश्नही ठरलेला. "ताई, हे सुरू कुठून करायचं हो? एक पुस्तक उघडावं तर आत दहा जण निराळेच. कोण कुणाचा कोण, काही पत्ता लागत नाही!"

प्रश्न अगदी रास्त आहे. सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला १९३८ साली, बॅटमॅन १९३९ साली आणि वंडर वुमन १९४१ साली. स्पायडरमॅन त्या मानानं धाकटा, १९६२ सालचा. तेव्हापासून यांच्या गोष्टी छापल्या जाताहेत, त्या अजून थांबलेल्या नाहीत. हजारो अंक झाले. पहिल्यापासून वाचायचं म्हटलं तर पोराचं लग्न होईल, नातवंडं होतील, तरी संपायचं नाही!

खटल्याचं घर

यात आणखी एक गंमत आहे. हे सगळे वीर एकमेकांच्या जगात राहतात. स्पायडरमॅनच्या गोष्टीत मधूनच आयर्न मॅन डोकावतो, बॅटमॅनच्या दारात सुपरमॅन येऊन उभा राहतो. एकाच्या घरी काही घडलं की त्याचे पडसाद चार घरांत. याला ही मंडळी 'युनिव्हर्स' म्हणतात. आपण मैत्रिणी याला सरळ खटल्याचं घर म्हणू. तीस-चाळीस माणसांचं, चुलत-मावस सगळे एका वाड्यात.

आता आठवा, अशा घरात नवी सून येते तेव्हा काय होतं? पहिल्याच दिवशी तिला कुणी सात पिढ्यांची वंशावळ पाठ करायला लावत नाही. ती आधी एका माणसाशी जुळवून घेते. बहुतेक वेळा धाकट्या जावेशी किंवा नणंदेशी. मग तिच्याकडून कळत जातं, की हे अण्णा म्हणजे मोठ्या काकांचे, त्यांचं आणि तात्यांचं बोलणं नाही, का ते नंतर सांगते. वर्षभरात सून घर ओळखू लागते. या कॉमिक्सचंही तसंच करायचं. एक माणूस धरायचा, त्याची एक पुरी गोष्ट वाचायची. बाकीचे आपोआप कळतात. नाही कळले तरी अडत नाही.

वेताळाची युक्ती

आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या मैत्रिणींना हे नवीन वाटायचं कारण नाही. आपण वेताळ वाचलाय की! मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनानं 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं. इंग्रजी, हिंदीसारखंच ते मराठीतही निघायचं. १९९० साली ते बंद झालं तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते. त्यात जादूगार मँड्रेक होता, फ्लॅश गॉर्डन होता, १९७६ पासून आबिद सुरती यांचा अस्सल देशी बहादूरही होता. पण निम्म्याहून जास्त अंक वेताळाचे.

माझ्या आजोळी मामांची एक पत्र्याची ट्रंक होती. त्यातला हाताला लागेल तो अंक आम्ही भावंडं काढायचो. क्रम कुणाला ठाऊक होता? आणि तरी कधी अडलं नाही. याचं श्रेय वेताळाचा निर्माता ली फॉक याला द्यायला हवं. १९३६ साली त्यानं ही चित्रकथा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू केली. रोज नवा वाचक येणार, त्याला मागचं काहीच माहीत नसणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. म्हणून गोष्टीच्या सुरुवातीला, मागाहून आलेल्यांसाठी, दोन-चार चौकटींत सगळं सांगून टाकायचं. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेला तरुण, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, मग बापानंतर मुलगा असं करत करत आजचा एकविसावा वेताळ. झालं! इतकं कळलं की पुढची गोष्ट वाचायला तुम्ही मोकळ्या.

१९७७ साली वेताळानं डायनाशी लग्न केलं, पुढे त्यांना जुळी मुलंही झाली. ट्रंकेतल्या एका अंकात तो ब्रह्मचारी, दुसऱ्यात बापमाणूस! आम्ही तेवढ्यावरून ओळखायचो की हा अंक नंतरचा.

म्हणजे चांगली लांबलचक मालिका उशिरा येणाऱ्यासाठी स्वतःच दार उघडं ठेवते. आपल्याला फक्त ते दार माहीत हवं.

एक दार असंही उघडलं

यात एवढं काय, मुलं वाचतील त्यांचं त्यांचं, असं काही जणी म्हणतात. त्यांना मी आमच्याच सोसायटीतल्या एका मैत्रिणीचं सांगते. नवरा चाकणला कंपनीत, पाळ्यांमध्ये. मुलगा आठवीत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आईच्या मागे मागे असणारा हा मुलगा हळूहळू गप्प झाला. शाळा कशी झाली? "हं." जेवलास का? "हं." दिवसभर डोकं त्या स्पायडरमॅनमध्ये. तिचं इंग्रजी जेमतेम दहावीपर्यंतचं. तरी एका शनिवारी ती म्हणाली, "ताई, त्याच्यातलंच काहीतरी मला द्या. निदान बोलायला विषय तरी होईल."

मी तिला स्पायडरमॅनची नव्यानं सांगितलेली गोष्ट दिली. त्यातला पीटर पार्कर शाळकरी पोर आहे. आईबाप नाहीत, काका-काकूंनी वाढवलेला, हुशार, बुजरा. वर्गातली दांडगी पोरं त्याला रोज छळतात. तिनं स्वयंपाक करता करता मुलाला विचारलं, "अरे, हा त्याला मारतोय तो कोण? याच्या काकूला हे माहीत नाही का?" मुलगा समजावून सांगायला बसला. आईला काहीतरी आपल्याला शिकवता येतंय याचंच त्याला अप्रूप. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान उलटता उलटता तो सहज म्हणाला, "आमच्या वर्गात पण आहे असा एक."

पुढचं सगळं त्या रात्री बाहेर आलं. सात-आठ महिने तो ते एकटा सोसत होता. तिनं शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांची गाठ घेतली, नवऱ्यालाही सुट्टी काढून बरोबर नेलं. सगळं एका दिवसात निवळलं असं नाही. पण मुलगा आता "हं"च्या पुढे बोलतो. समोर बसवून "तुला काय होतंय?" असं विचारलं असतं तर तो बोलला असता का, मला शंका आहे.

मग सुरुवात कुठून?

मुलींनो, मुलांच्या आयांनो, आता ही दारं नीट लिहून घ्या.

पहिलं, 'अल्टिमेट स्पायडरमॅन', पण २००० सालचं. ब्रायन मायकल बेंडिस यांनी लिहिलेलं, मार्क बॅगली यांनी चित्रं काढलेलं. जुन्या अंकांच्या ओझ्यानं नवे वाचक बिचकतात, हे ओळखून प्रकाशकांनी ही मालिका मुद्दाम पहिल्यापासून सुरू केली. १९६२ ची मूळ गोष्ट जेमतेम अकरा पानांची होती. इथे तीच अनेक अंकांत निवांतपणे सांगितली आहे. माझ्या मैत्रिणीला दिलं ते हेच. याच नावाची दुसरी मालिका २०२४ साली सुरू झाली. तिच्यातला पीटर चांगला संसारी, बायको-दोन मुलांचा बाप आहे आणि त्याला शक्ती मिळते ती अशी उशिरा! ती मोठ्यांनी वाचावी. घेताना साल मात्र बघून घ्या.

दुसरं, 'मिस मार्व्हल', २०१४ चं. मुलींसाठी मी हेच पुढे करते. कमला खान ही अमेरिकेतल्या जर्सी सिटीत राहणारी सोळा वर्षांची मुलगी, आईबाप पाकिस्तानातून आलेले. तिच्या घरातली बोलणी ऐकली की आपलंच घर वाटतं. कुठे चाललीस, किती वाजता येणार, पार्टीबिर्टी काही नाही! लेखिका जी. विलो विल्सन, संपादक सना अमानत, दोघीही बायका. पहिल्या खंडाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. मागचं काहीही वाचलेलं नसलं तरी चालतं.

तिसरं, आपल्या मातीतलं, 'स्पायडरमॅन इंडिया'. २००४ साली आलं. अवघे चार अंक. पवित्र प्रभाकर नावाचा मुलगा मुंबईत शिकायला येतो, सोबत माया काकू आणि भीम काका. त्याला शक्ती देतो तो एक योगी, आणि हा स्पायडरमॅन चक्क धोतर नेसतो! २०२३ च्या स्पायडरमॅनच्या कार्टूनपटात तो दिसला आणि मुलांनी त्याला डोक्यावर घेतलं.

चौथं, हिंदीतलं. इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर राज कॉमिक्स उत्तम. त्यांचा नागराज १९८६ चा, पण सुरुवात करावी सुपर कमांडो ध्रुवपासून. १९८७ च्या 'प्रतिशोध की ज्वाला' या पहिल्याच अंकात त्याची सगळी जन्मकथा येते. हा सर्कशीत वाढलेला मुलगा. उडता येत नाही, भिंती फोडता येत नाहीत. डोकं चालवून संकटातून सुटतो. लेखक-चित्रकार अनुपम सिन्हा.

पाचवं खास तुमच्यासाठी, मुलांसाठी नव्हे. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांचं 'बॅटमॅन: इयर वन', १९८७ चं. चार अंकांत संपणारी, गंभीर, शहरातल्या भ्रष्ट पोलिसांची गोष्ट. मोठ्यांसाठीचा मजकूर आहे, तेव्हा कपाटात वरच्या फळीवर ठेवा.

हे मात्र टाळा

वर 'अंक पहिला' लिहिलंय म्हणून लगेच घेऊ नका. प्रकाशक मधूनमधून आकडे पुन्हा एकपासून सुरू करतात. २०११ साली सुपरमॅन-बॅटमॅनच्या डीसी कंपनीनं एकदम बावन्न मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या होत्या! त्यामुळे आकड्यावर न जाता मागचं पान वाचा. गोष्ट कुणाची आहे आणि याच पुस्तकात ती पुरी होते का, एवढं बघा.

दुसरं, ज्याच्या मुखपृष्ठावर पंचवीस-तीस वीर दाटीवाटीनं उभे आहेत ते पुस्तक आधी नको. ती वाड्यातली भांडणं असतात. माणसं ओळखीची झाल्यावरच त्यात मजा येते. १९८५-८६ चं 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' तर बारा अंकांचं, आणि तेही आधीच्या पन्नास वर्षांचा गुंता सोडवण्यासाठी काढलेलं. नवी सून काय त्या दाव्यात साक्ष देणार?

आणि सुटे अंक जमवत बसू नका. पाच-सहा अंक एकत्र बांधलेलं पुस्तक मिळतं, त्यावर खंडाचा आकडा असतो. पुण्याला गेलात तर अप्पा बळवंत चौकात चौकशी करा. जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडेही चांगला माल सापडतो.

मराठीत काय?

सुपरहिरो आज मराठीत क्वचितच भेटतात, ही खंत आहेच. पण मराठी वाचायची सवय लागावी असं वाटत असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे ना! बनेश फेणे फुरसुंगीचा, म्हणजे आमच्यापासून पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. अंगात कुठलीही जादू नाही. सायकल, चपळाई आणि नको तिथे नाक खुपसायची खोड एवढंच भांडवल. मालिका मोठी, पण कुठलंही पुस्तक आधी घ्या, गोष्ट तिथल्या तिथे पुरी होते. २०१७ साली त्यावर सिनेमा आल्यापासून मुलांना नावही माहीत झालंय.

वाचायला बसाल तेव्हा एकदम शंभर पानांचा घाट घालू नका. रात्रीची भांडी आवरली की दहा पानं. चौकटी डावीकडून उजवीकडे, मग खाली. शब्द अडला तर चित्र बघा, नाहीतर मुलाला विचारा. त्याला सांगायला आवडतं. आणि त्यानं मधल्याच अंकापासून वाचायला घेतलं असेल तर तुम्हीही तिथूनच घ्या. मागचं काय झालं ते त्यालाच विचारा. येत्या आठवड्यात एक पुस्तक मिळवा, आणि पहिला प्रश्न तुम्ही विचारा, "काय रे, हा कोण?"