पडद्यावर अक्षरे काढणारे फंक्शन कोणते निवडावे?

बालाघाट जिल्ह्यातले ‘वारासिवनी’ हे नाव घ्या. युनिकोडमध्ये आधी ‘स’ साठवला जातो, मग ऱ्हस्व वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी आधी यायला हवी. कैरो या लायब्ररीचे ‘शो टेक्स्ट’ हे साधे फंक्शन प्रत्येक वर्णाची आकृती साठवलेल्या क्रमानेच ठेवत जाते, म्हणून वेलांटी ‘स’नंतर पडते. पँगो ही लायब्ररी हार्फबझ या दुसऱ्या लायब्ररीकडून क्रम आणि जोडाक्षरे आधी लावून घेते, मग रेखाटते. म्हणून देवनागरीसाठी पँगोच घ्यावे. या जादा कामाला वेळ लागतो, हा आक्षेप खरा. पण न बदलणाऱ्या मजकुराची मांडणी एकदा करून पुन्हा वापरता येते. नुसते आकडे दाखवायचे असतील तर साधे फंक्शन चालेल. गावांची नावे त्याच्यावर सोपवू नयेत.