काळे निशाण आणि फुलांचा हार

मंत्रिमहोदयांचा दौरा ठरला की जिल्ह्यात दोन प्रकारची तयारी सुरू होते. एकीकडे कमानी उभ्या राहतात, रस्त्यांतील खड्डे बुजविले जातात. दुसरीकडे विरोधी पक्षांच्या व शेतकरी संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या हाती पोलिसांच्या नोटिसा पडतात आणि काहींना दौरा आटोपेपर्यंत ठाण्यात बसवून ठेवण्यात येते. सभामंडपाच्या दाराशी काळा रुमाल दिसला तरी हरकत घेतली जाते. हे सारे सुरक्षेच्या नावाने चालत असल्यामुळे सुरक्षा कशाला म्हणावे, हे एकदा नीट पारखून घेणे अगत्याचे झाले आहे.

सुरक्षेची आवश्यकता आम्ही नाकारीत नाही. ३० जानेवारी १९४८, ३१ ऑक्टोबर १९८४ आणि २१ मे १९९१ हे तीन दिवस ज्या देशाने पाहिले, त्याला ती नाकारता येणार नाही. परंतु त्या दिवसांचा धडा कोणता? गांधीजींचा मारेकरी हात जोडून पुढे आला. इंदिराजींवर गोळ्या झाडणारे त्यांच्याच रक्षकांपैकी होते. श्रीपेरुंबुदुर येथे राजीव गांधींपुढे मृत्यू आला तो हार घेऊन. काळे निशाण यांपैकी कोणाच्याच हाती नव्हते. घात करणारा आपला हेतू लपवितो. निशाण दाखविणारा तो चारचौघांत उघड करतो.

महाराष्ट्राला हा भेद पूर्वी कळला होता. मार्च १९५५ मध्ये नागपुरात चाकू घेतलेला एक इसम पंडित नेहरूंच्या मोटारीवर चढला होता. धोका काल्पनिक नव्हता. तरीही ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणास आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने वाईजवळ पसरणी घाटात काळ्या निशाणांची प्रचंड निदर्शने केली. राज्य द्वैभाषिक मुंबईचे होते, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. निदर्शनेही झाली, समारंभही झाला, आणि रक्त सांडले नाही. त्याआधी १९५५-५६ मध्ये मुंबईत याच मागणीला गोळीबाराने उत्तर मिळाले होते, त्याची जखम अद्याप ओली होती. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. घाटात उभ्या राहिलेल्या माणसांचे म्हणणे दिल्लीला अखेर ऐकावेच लागले.

कायदाही याहून निराळे सांगत नाही. घटनेच्या १९ व्या कलमाने भाषणाचे आणि शांततेने, निःशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंधांची मुभाही दिली आहे. रस्त्यावरील सभांचे नियमन करता येते, पण त्या सरसकट बंद करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे १७० वे कलम अटकेची सत्ता देते खरी. पण ती दखलपात्र गुन्ह्याचा बेत असेल आणि तो अन्य मार्गाने टळण्यासारखा नसेल तेव्हा. कापसाला भाव मागणे हा काही गुन्ह्याचा बेत नव्हे.

भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाताना वरणगाव लागते. १९६४ पासून तेथे काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. परवान्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही आणि तसे टाकावे असे कोणी म्हणतही नाही. परंतु कारखान्याच्या रक्षणासाठी वरणगावचा बाजार उठविण्याची गरज कधी भासली नाही. कुंपणाच्या आत पहारा, कुंपणाबाहेर गाव. ही मर्यादा तेथे साध्या माणसालाही कळते. पुढाऱ्यांभोवतीच्या कुंपणालाही अशीच मर्यादा हवी.

म्हणून आमची सूचना साधी आहे. हार आणणाऱ्याची आणि निशाण आणणाऱ्याची झडती सारखीच घ्या. निदर्शकांना अंतरावर उभे करा. पण ते अंतर मंत्र्यांना दिसेल व ऐकू येईल एवढेच असू द्या. कोणाला अडविलेच, तर त्याचे कारण लेखी द्या.

आम्ही शिक्षक होतो त्या काळी एका शाळेत तपासणीस साहेब येणार असले की खोडकर आणि कच्च्या मुलांना ‘उद्या येऊ नका’ असे सांगत. साहेब संतुष्ट होऊन जात, शेरा उत्तम मिळे, आणि शाळा होती तशीच राही. मंत्र्यांच्या दौऱ्यांची गत याहून वेगळी व्हावयाची असेल, तर ज्यांची तक्रार आहे त्यांना त्या दिवशी घरी बसवू नये.