पासवर्ड कोणाकडे आहे?

अकोले ते जामखेड अशा चौदा तालुक्यांचा अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. २०२४पर्यंत तो अहमदनगर होता, बोलण्यात अजूनही नुसतं नगर. इथल्या खेड्यात एखाद्याला ‘जीमेल आहे का?’ असं विचारलं तर ‘आहे की’ असं सहज उत्तर मिळतं. पासवर्ड विचारला की मात्र ऐकू येतं, ‘तो सायबरवाल्याकडे आहे.’ फुकट ई-मेल घरोघर पोचला, यात शंका नाही. पण तो खातेदाराचा झाला का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात जीमेलपासून झाली नाही. जॅक स्मिथ आणि सबीर भाटिया यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केलं आणि १९९७ संपता संपता ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. मुंबईत अजित बालकृष्णन यांनी रेडिफ उभं केलं तेही १९९६मध्येच. रेडिफमेलच्या पत्त्यांनी आपल्याकडचे कितीतरी बायोडेटा सजले. संगणक-प्रशिक्षण देणारी एमकेसीएल २००१मध्ये स्थापन झाली, तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्याच्या गावी पोचले आणि अनेकांनी आयुष्यातला पहिला ई-मेल तिथल्या संगणकावर उघडला. तेव्हा हॉटमेलवर जागा मिळायची २ एमबी. दोन-चार फोटो आले की डबा भरला. जुनी पत्रं पुसत राहणं हा वापराचाच भाग होता.

१ एप्रिल २००४ रोजी गुगलने १ जीबी जागा जाहीर केली, म्हणजे हॉटमेलच्या पाचशेपट. तारखेमुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. पॉल बुकहाइट या अभियंत्याने बांधलेल्या जीमेलचा खरा नवेपणा मात्र जागेपेक्षा शोधात होता: पत्र पुसू नका, ठेवा आणि हवं तेव्हा शोधा. एका विषयावरची पत्रं आणि उत्तरं एकाखाली एक दिसू लागली. स्पर्धा अशी पेटली की त्याच वर्षी रेडिफनेही १ जीबी देऊ केलं. जीमेल सुरुवातीला निमंत्रणानेच मिळे. फेब्रुवारी २००७मध्ये ते सर्वांना खुलं झालं.

मराठी माणसाला आणखी एक गोष्ट मिळाली, तिचं मोल फारसं कोणी सांगत नाही. त्या काळी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप होई आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर सगळा मजकूर अगम्य चिन्हांत उमटे. सगळीकडे सारखीच चालणारी युनिकोड पद्धत रुळल्यावर देवनागरी पत्र देवनागरीतच पोचू लागलं. पत्ता मात्र रोमनच राहिला. २०१४मध्ये ‘.भारत’ हे डोमेन आलं, २०१६मध्ये जयपूरच्या डेटामेलने देवनागरी पत्ते फुकट दिले, जीमेलनेही २०१४पासून असे पत्ते ओळखायला सुरुवात केली. पण असंख्य अर्जांचे रकाने देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत, म्हणून तो लोकांच्या अंगवळणी पडला नाही.

खेड्यापाड्यांत जीमेल वाढलं ते पत्रांसाठी नव्हेच. अँड्रॉइड फोनमध्ये प्ले स्टोअर वापरायचं तर गुगल खातं लागतं. २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि नव्या फोनबरोबर दुकानदारच खातं काढून देऊ लागला. दुसरीकडे शिष्यवृत्ती, पोलीस भरती, तलाठी भरती, सगळे अर्ज ऑनलाइन झाले. अर्जात ई-मेलचा रकाना असतोच, आणि तो भरतो सेवा केंद्रातला मुलगा. २०१८मध्ये जगभरात जीमेलचे वापरकर्ते १५० कोटींवर गेले. त्यांत एकही पत्र न लिहिलेली माणसं किती असतील!

जीमेलच्या नव्या सोयींकडेही मी या खातेदाराच्याच नजरेने पाहतो. पाठवलेलं पत्र मागे घेणं, ठरलेल्या वेळी पाठवणं, २०१८पासून इंग्रजी वाक्य आपोआप पुरं करून देणं, हे सगळं कार्यालयात बसणाऱ्याच्या कामाचं. पारनेर-पाथर्डीच्या उमेदवाराला यापेक्षा दोन नियम माहीत असायला हवेत. एक, फुकट मिळणारी १५ जीबी जागा २०१३पासून ड्राइव्ह आणि फोटोंसह सामाईक आहे. मोबाइलमधले लग्नाचे व्हिडिओ आपोआप साठत गेले आणि जागा संपली, की नवी पत्रं येणं थांबू शकतं. परीक्षेच्या प्रवेशपत्राची सूचनाही त्यात अडकते. दोन, दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसण्याचा अधिकार गुगलने डिसेंबर २०२३पासून वापरायला सुरुवात केली. भरतीच्या एका अर्जापुरतं काढलेलं खातं पुढच्या जाहिरातीपर्यंत राहीलच याचा भरवसा नाही.

त्यात पासवर्ड दुसऱ्याकडे. खातं परत मिळवायचं तर त्याला जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर कोड येतो. तो क्रमांक दुकानदाराचा असेल, किंवा रिचार्ज न केल्याने बंद पडून दुसऱ्याला मिळालेला असेल, तर खातेदारालाच बाहेर उभं राहावं लागतं. केंद्रचालकाचा यात दुष्टावा नसतो; समोर रांग असते, सर्व्हर चालत नसतो, गिऱ्हाइकाकडे स्मार्टफोन नसतो, आणि तो स्वतःचा क्रमांक टाकून अर्ज मार्गी लावतो.

म्हणून मला जीमेलमधली सर्वांत मोलाची सोय वाटते ती खात्याच्या सुरक्षेच्या पानावरची. आपलं खातं कोणकोणत्या उपकरणांवर उघडं आहे, याची यादी तिथे दिसते. केंद्रातला संगणक त्या यादीत असेल तर घरबसल्या त्याला बाहेर काढता येतं. मग पासवर्ड बदलायचा, आणि रिकव्हरीसाठी स्वतःचा नाहीतर घरातल्या माणसाचा क्रमांक द्यायचा. हे पान मराठीतही वाचता येतं.