गळका नळ आणि चौथीचा वर्ग: प्रकल्पातून शिकण्याविषयीचे गैरसमज

शहरातल्या स्टेशनरीच्या दुकानांवर एक पाटी अनेकदा दिसते: ‘शालेय प्रकल्प तयार करून मिळतील’. सत्र संपत आले की तिथे गर्दी होते. कुणाला जलचक्राचा तक्ता हवा असतो, कुणाला ज्वालामुखीचा नमुना. जे विकत घेत नाहीत त्यांच्या घरी रात्री अकरा वाजता आई कात्री आणि डिंक घेऊन बसलेली असते, आणि ज्याचा प्रकल्प ते मूल केव्हाच झोपी गेलेले असते. दुसऱ्या दिवशी तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागतो, त्याला श्रेणी मिळते आणि विषय तिथेच संपतो.

यात पालकांना किंवा शिक्षकांना दोष देऊन काही साधत नाही. प्रकल्पाविषयीच्या काही समजुतीच आपल्याकडे घट्ट रुजल्या आहेत. प्राथमिक शाळेचा अभ्यास प्रकल्पांभोवती आखायचा असेल तर आधी त्या तपासायला हव्यात. सोबतीला एक उदाहरण घेऊ: चौथीचा वर्ग आणि शाळेच्या आवारातला एक गळका नळ.

गैरसमज १: प्रकल्प म्हणजे तक्ता, वही किंवा नमुना.

वस्तुस्थिती: तक्ता हे प्रकल्पाच्या अखेरीस हाती येणारे एक फळ असू शकते. प्रकल्प सुरू होतो प्रश्नापासून, आणि तो प्रश्न मुलांना खरोखर पडावा लागतो. ‘पाण्याचे महत्त्व’ हा निबंधाचा विषय झाला. ‘आपल्या शाळेत रोज किती पाणी वाया जाते आणि ते कसे थांबवता येईल?’ हा प्रकल्पाचा प्रश्न. याचे उत्तर कुठल्याही पुस्तकात छापलेले नाही, दुकानात ते विकत मिळत नाही आणि आईला घरी बसून ते लिहिता येत नाही. ते शोधायला नळापाशीच जावे लागते. प्रश्न चांगला निवडला आहे का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे: उत्तर मिळाल्यावर ते कुणाला तरी सांगावेसे वाटते का, आणि ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग आहे का?

गैरसमज २: हे परदेशातून आलेले नवे खूळ आहे.

वस्तुस्थिती: ते नवे नाही आणि आपल्याला परकेही नाही. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशील शाळा काढली. तिथे मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करता करता शिकत. त्यांचेच विचार पुढे नेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ‘प्रकल्प पद्धती’वर निबंध लिहिला. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि महात्मा गांधींची नई तालीम आकाराला आली. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. हस्तोद्योग मध्यभागी ठेवायचा आणि भाषा, गणित, भूगोल त्याला जोडून शिकवायचे, हे तिचे सूत्र होते. सूत मोजताना गणित यायचे, कापूस कुठे पिकतो हे पाहताना भूगोल यायचा. याला समवाय म्हणत. आज आपण ज्याला प्रकल्पाधारित शिक्षण म्हणतो त्याचा गाभा या शब्दात आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या शिक्षकाला ही वाट बाहेरून आणायची गरज नाही. ती वर्ध्याहून निघालेलीच आहे.

गैरसमज ३: प्रकल्प घेतले तर पोर्शन मागे पडतो.

वस्तुस्थिती: धडे संपल्यावर वर प्रकल्प चिकटवला तर वेळ नक्कीच जास्त लागतो. धडेच प्रकल्पातून नेले तर तो वाचतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास मिळतात. त्यात दोन वेगळे अभ्यासक्रम बसत नाहीत. म्हणून नियोजन उलट्या बाजूने करावे लागते. आधी अध्ययन निष्पत्ती समोर ठेवायच्या, मग कोणत्या निष्पत्ती एका प्रश्नात एकत्र येतात ते पाहायचे आणि शेवटी तासिका ठरवायच्या.

आपला नळच घ्या. मुले त्याखाली पेला धरतात आणि घड्याळ लावतात. समजा १० मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी जमले. मग तासाला १,२०० मिलिलिटर, म्हणजे १ लिटर २०० मिलिलिटर. चोवीस तासांत २८ लिटर ८०० मिलिलिटर. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजले तर जवळपास दोन हंडे! एवढ्यात धारकता, वेळेचे मापन, गुणाकार आणि एककांचे रूपांतर हे गणिताचे चार घटक येऊन गेले. पाणी कुठून येते, टाकी कोण भरते, उन्हाळ्यात काय होते, हा परिसर अभ्यास. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याची मुलाखत, तिचे टिपण आणि शेवटी ग्रामपंचायतीला पत्र, ही मराठी. पत्रलेखन शिकवायचेच असते. इथे ते पत्र खरोखर कुणाच्या तरी हातात पडणार आहे, एवढाच फरक. तेवढ्या फरकाने मूल शुद्धलेखनाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते.

सगळे घटक मात्र एका प्रश्नात बसत नाहीत. जे बसत नाहीत ते ओढूनताणून बसवू नयेत, नेहमीच्या तासाला शिकवावेत. पहिल्या वर्षी प्रत्येक सत्रात एक प्रकल्प पुरे. वेळापत्रकात त्यासाठी आठवड्यातून तीन-चार तासिका राखून ठेवल्या आणि तो पाच-सहा आठवडे चालवला तर काम जमते.

गैरसमज ४: प्रकल्पात शिक्षकाने शिकवायचे नसते, मुलांना मोकळे सोडायचे असते.

वस्तुस्थिती: हा गैरसमज सगळ्यात घातक आहे, कारण तो या पद्धतीच्या चाहत्यांमध्येच जास्त आढळतो. ज्याला विषय नवा आहे त्याला मार्गदर्शनाशिवाय सोडले तर तो गोंधळतो. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये हाच इशारा दिला होता.

दोन अभ्यास शेजारी ठेवले की मुद्दा स्पष्ट होतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, गरीब वस्तीतल्या शाळांच्या दुसरीच्या वर्गांत प्रकल्पातून सामाजिक शास्त्रे शिकवून पाहिली. कोणत्या शिक्षकाने ही पद्धत वापरायची ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. शिक्षकांच्या हाती तपशीलवार पाठ दिले होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांची सामाजिक शास्त्रांतली आणि माहितीपर वाचनातली प्रगती अधिक दिसली. लेखनात आणि अभ्यासाच्या ओढीत मात्र फरक आढळला नाही. दुसरा अभ्यास इंग्लंडमधला, २०१६ सालचा, अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा. तिथे साक्षरतेवर स्पष्ट परिणाम दिसला नाही. उलट गरीब घरांतली मुले थोडी मागे पडली असण्याची शक्यता आढळली. प्रकल्प या शब्दात जादू नाही. तो कसा आखला आणि त्यात काय शिकवले, यावर सगळे अवलंबून असते.

म्हणून नळाच्या प्रकल्पाचे टाचण काढताना दोन रकाने करावेत. एकात मुलांनी शोधायचे ते लिहावे, दुसऱ्यात बाईंनी किंवा गुरुजींनी आधी शिकवायचे ते. मिलिलिटरचे लिटर कसे करायचे हे दुसऱ्या रकान्यात जाते. ते फळ्यावर नीट समजावून सांगावे, सराव घ्यावा आणि मगच मुलांना नळाकडे न्यावे. वाचनाचा आणि अंकगणिताचा रोजचा सराव प्रकल्प चालू असतानाही थांबू नये. घरी मदत करणारे कुणी नाही त्या मुलाचे सगळे शिकणे शाळेच्या तासांतच होते. त्याचा तास वाया घालवण्याचा अधिकार कुठल्याही पद्धतीला नाही.

गैरसमज ५: पहिली-दुसरीच्या मुलांना हे झेपत नाही.

वस्तुस्थिती: लिहिता येण्याआधी मुले पाहतात, मोजतात, चित्र काढतात आणि भरपूर बोलतात. ‘आपल्या आवारात कोणकोणते पक्षी येतात?’ हा प्रश्न पहिलीला पुरतो. रोज ठरावीक वेळी दहा मिनिटे निरीक्षण करायचे, प्रत्येक पक्ष्यासाठी चित्रापुढे एक खूण करायची आणि शनिवारी खुणा मोजायच्या. मुले जे सांगतात ते बाई फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहितात. ती वाक्ये मग वर्गाचा वाचनपाठ होतात. वय लहान असेल तर प्रश्न लहान घ्यावा आणि मुदत आठवडा-दोन आठवड्यांची ठेवावी.

गैरसमज ६: यासाठी पैसा, संगणक आणि मोठी शाळा लागते.

वस्तुस्थिती: ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ मध्ये बोर्डी इथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. मॉण्टेसरीची महागडी साधने गावात परवडणारी नव्हती. तेव्हा शंखशिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने झाली. पुढे कोसबादच्या टेकडीवर हे काम आदिवासी पाड्यांपर्यंत पोचले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली.

आपल्या उदाहरणात तर एक पेला, एक घड्याळ आणि एक गळका नळ एवढेच लागते. द्विशिक्षकी शाळेला इथे उलट फायदाच होतो. एकाच वर्गात बसणाऱ्या दोन-तीन इयत्ता एकाच प्रश्नावर काम करू शकतात. दुसरीची मुले पेले मोजतील, तिसरीची तक्ता भरतील आणि चौथीची हिशेब मांडतील.

गैरसमज ७: प्रकल्पाचे मूल्यमापन करता येत नाही, परीक्षेला त्याचा उपयोग नाही.

वस्तुस्थिती: राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्याच्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्पाचा उल्लेख आहेच, शिवाय दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक आणि उपक्रमही आहेत. अडचण आहे ती आपण नेमके काय तपासतो यात. शेवटच्या तक्त्याला श्रेणी दिली तर ती घरच्या मोठ्यांच्या हस्तकौशल्याला मिळते. म्हणून काम शाळेतच करून घ्यावे आणि नोंदी वाटेवर घ्याव्यात. मापन केले तेव्हा आकडा कुणी दुसऱ्यांदा पडताळून पाहिला? मुलाखतीत स्वतःचा प्रश्न कुणी विचारला? गटातल्या मागे पडलेल्या मुलाला कुणी समजावले? अशा वर्णनात्मक नोंदी घाऊक शेऱ्यांपेक्षा खूप काही सांगतात. गणित मात्र प्रत्येकाकडून वेगळे सोडवून घ्यावे, नाहीतर गटातल्या एका हुशार मुलाच्या आडोशाला चार जण न शिकता राहतात.

शेवटच्या आठवड्यात मुलांनी आपले काम कुणापुढे तरी मांडावे. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक त्यासाठी उत्तम जागा आहे. तिथे पालकच बसलेले असतात. चौथीतली मुलगी उभी राहते आणि सांगते की आपल्या एका नळातून दिवसाला २८ लिटर ८०० मिलिलिटर पाणी वाहून जाते. कुणी विचारते, ‘हे कशावरून?’ ती वही उघडते. त्या वहीत खाडाखोड असते, एखादी बेरीज आधी चुकलेली आणि मग सुधारलेली असते, पण प्रत्येक आकडा तिने स्वतः मोजलेला असतो. ‘कशावरून?’ या प्रश्नाला मूल न घाबरता उत्तर देते, यासाठीच तर जूनमध्ये बसून हे सारे नियोजन करायचे असते.