एर्न्स्ट रॉयटर आणि बर्लिनचा कारभार

चळवळीतल्या माणसांना नगरपालिकेचे काम थोडे खालच्या दर्जाचे वाटत आले आहे. संप, मोर्चा, विधिमंडळ हे खरे राजकारण. नळ, दिवे, गटारे आणि ट्रामगाड्या ही कारकुनी, असा समज आम्हा कामगार कार्यकर्त्यांतही मुरलेला आहे. हा समज किती पोकळ आहे ते पाहायचे असेल, तर बर्लिनचे महापौर एर्न्स्ट रॉयटर यांचे चरित्र डोळ्यांखालून घालावे.

आधी एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे महापौर सभेचा अध्यक्ष असतो आणि कारभाराची किल्ली आयुक्ताच्या कमरेला असते. जर्मन शहरांच्या परंपरेत मुख्य महापौर हा प्रत्यक्ष कारभाराचाही प्रमुख. शहर बुडाले तर त्याला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही.

रॉयटर यांचा जन्म १८८९ सालचा, आपेनराडे गावचा. हे गाव आज डेन्मार्कमध्ये आहे. घर राजनिष्ठ, वडील नौकानयन-शाळेत शिक्षक. मुलगा १९१२ साली समाजवादी लोकशाही पक्षात गेला आणि घराशी बेबनाव झाला. महायुद्धात १९१६ साली ते जखमी होऊन रशियनांच्या हाती सापडले. कैदेत त्यांनी कोळशाच्या खाणीत काम केले आणि रशियन भाषा शिकून घेतली. क्रांती झाल्यावर बोल्शेविकांनी या कैद्याला १९१८ साली व्होल्गाकाठच्या जर्मन वसाहतींचा कारभार पाहण्यास सारातोवला धाडले. त्या वेळी वयाची एकोणतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. माणूस तल्लख आहे, पण जरा अधिकच स्वतंत्र वृत्तीचा आहे, असा अभिप्राय लेनिनने त्यांच्याविषयी दिल्याचे सांगतात.

तो अभिप्राय लवकरच खरा ठरला. जर्मनीत परतल्यावर 'फ्रीसलांट' हे नाव घेऊन ते कम्युनिस्ट पक्षात वर चढत गेले आणि १९२१ साली पक्षाचे सरचिटणीस झाले. पण त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात मध्य जर्मनीत पक्षाने केलेला उठाव फसला होता आणि त्यात शंभरावर माणसे प्राणास मुकली होती. रॉयटर आरंभी या धोरणाच्या बाजूचे होते, हे लपवण्याचे कारण नाही. मात्र कामगारांना चिथावण्यासाठी आपल्याच माणसांनी घातपाताचे डाव रचले होते असे पुढे उघड झाले, तेव्हा त्यांनी पक्षाकडे जाब मागितला आणि जर्मन पक्ष मॉस्कोच्या हुकमावर चालू नये असा आग्रह धरला. १९२२ च्या आरंभी त्यांची हकालपट्टी झाली. त्याच वर्षी ते जुन्या समाजवादी पक्षात परतले.

असा पोळलेला माणूस एरवी घरी बसतो. रॉयटर १९२६ साली बर्लिनच्या वाहतूक खात्याचे प्रमुख झाले, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत क्रांतिकारक काम इथे सुरू झाले. १९२० साली आसपासची गावे जोडून बर्लिन हे सुमारे चाळीस लाख वस्तीचे शहर झाले होते. पण ट्राम, बस आणि भुयारी रेल्वे यांच्या कंपन्या वेगवेगळ्या. एका गाडीतून उतरून दुसरीत बसले की पुन्हा पैसे. घर एका टोकाला आणि कारखाना दुसऱ्या टोकाला असलेल्या कामगाराचा हा भुर्दंड रोजचा होता. संपाने मिळवलेली पगारवाढ अशी प्रवासात गळून जाते, हे कोणत्याही युनियनवाल्याला सांगावे लागत नाही. १९२७ साली रॉयटर यांनी वीस फेनिगांचे एकच तिकीट आणले. एका वाहनातून दुसऱ्यात जाण्याची मुभा त्यातच. पाठोपाठ तिन्ही कंपन्या एकत्र करून शहराच्या मालकीची 'बी. व्ही. जी.' ही संस्था उभी केली. १९२९ च्या पहिल्या दिवसापासून तिचा कारभार सुरू झाला. कामगार संघटनांच्या पुढाकाराने निघालेली 'गेहाग' ही गृहनिर्माण संस्था शहराच्या नैर्ऋत्य टोकाला वसाहत बांधत होती. तिथवर त्याच वर्षी भुयारी रेल्वे पोचली. १९३० साली गेझुंडब्रुनेन आणि नॉयकोल्न या दोन कामगार भागांना जोडणारा मार्ग पुरा झाला. हे सारे कर्ज काढून चालले होते आणि मंदी आल्यावर त्या कर्जाने शहराला चांगलाच चिमटा घेतला. तरीही बोगदे राहिलेच.

१९३१ साली ते माग्डेबुर्गचे महापौर झाले. १९३३ साली नाझींनी त्यांना पदावरून हाकलून लिश्टेनबुर्गच्या छळछावणीत टाकले. सुटल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. १९३५ साली देश सोडून ते तुर्कस्तानात गेले आणि अंकाऱ्यात नगररचनेचे प्राध्यापक झाले. तुर्की शिकून त्यांनी त्याच भाषेत पाठ दिले. अकरा वर्षे अशी गेली.

१९४६ च्या अखेरीस ते परतले तेव्हा बर्लिन ढिगाऱ्यांचे शहर होते आणि चार विजेत्या सत्तांनी वाटून घेतलेले होते. जून १९४७ मध्ये नगरसभेने मोठ्या बहुमताने त्यांना महापौर निवडले. पण चारही सत्तांची संमती लागत असे आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांनी नकार दिला. मग लुइझे श्रोडर या बाईंनी हंगामी महापौर म्हणून दीड वर्ष शहराचा गाडा ओढला. त्यांचे नाव या कथेत नेहमी मागे पडते, ते बरोबर नाही.

२४ जून १९४८ रोजी सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनचे रस्ते, लोहमार्ग आणि कालवे बंद केले. निमित्त नव्या चलनाचे होते. वीस लाखांवर माणसे कोंडली गेली. अमेरिकन सेनापती क्ले यांनी विमानांनी माल आणण्याची कल्पना मांडली, तेव्हा रॉयटर यांना ती शक्य वाटली नाही. वाहतूक खाते चालवलेला माणूस तो. शहराला रोज किती टन कोळसा लागतो हे त्यांना पाठ होते. पण विमाने येवोत न येवोत, बर्लिनकर हार मानणार नाहीत, असे त्यांनी सेनापतींना सांगितले. ९ सप्टेंबरला पडक्या संसदभवनासमोर तीन लाखांच्या सभेत त्यांनी जगातील लोकांना आवाहन केले की, या शहराकडे पाहा आणि त्याला वाऱ्यावर सोडू नका. भाषण गाजले. पण त्या हिवाळ्यात प्रत्येक घराच्या वाट्याला जेमतेम साडेबारा किलो कोळसा आला आणि वीज दिवसातून काही तासच, हेही लक्षात ठेवावे. पूर्वेकडे नाव नोंदवल्यास शिधा मिळेल असे सोव्हिएत बाजूने जाहीर केले होते. थोडेच लोक गेले. तेगेलचा विमानतळ बर्लिनच्या मजुरांनी सुमारे तीन महिन्यांत बांधला, आणि त्यांत जवळजवळ निम्म्या बाया होत्या. १२ मे १९४९ रोजी वेढा उठला, तोवर शहर दुभंगले होते. डिसेंबर १९४८ च्या निवडणुकीत पश्चिम भागात रॉयटर यांच्या पक्षाला ६४.५ टक्के मते पडली आणि ते अखेर महापौर झाले.

पुढची गोष्ट एवढी उजळ नाही. १९५० च्या आरंभी पश्चिम बर्लिनमध्ये तीन लाखांवर बेकार होते. जयजयकाराने भाकरी मिळत नाही. त्या वर्षाअखेरच्या निवडणुकीत पक्षाची मते ४४.७ टक्क्यांवर आली आणि रॉयटर यांना इतर पक्षांना बरोबर घेऊन राज्य करावे लागले. स्वपक्षातही त्यांच्यावर नाराजी होती. १६ जून १९५३ रोजी पूर्व बर्लिनमध्ये कामाचे प्रमाण वाढवल्याविरुद्ध बांधकाम कामगारांनी संप केला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर रणगाडे घातले गेले. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या सरकारने हे केले, हे माझ्यासारख्याने नोंदवलेच पाहिजे. रॉयटर तेव्हा व्हिएन्नात अडकले होते. वेळेवर पोचू शकले नाहीत.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वेढ्याच्या दिवसांत ज्याची यंत्रसामग्री विमानांतून आणली होती, त्या पश्चिम बर्लिनच्या वीजकेंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. मागल्या नाताळात युद्धकैद्यांच्या आठवणीसाठी खिडकीत मेणबत्ती लावा, असे रॉयटर यांनी लोकांना सांगितले होते. ते गेल्याची बातमी आली त्या रात्री, कोणी न सांगता, बर्लिनकरांनी खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या.