चर्चामंडळ : त्याची उभारणी आणि जोपासना

१. प्रास्ताविक

आपल्या धर्मग्रामांत व्याख्यानांना तोटा नाही. उणीव आहे ती चर्चेची. व्याख्यानात एक जण बोलतो व अनेक जण ऐकतात. चर्चेत अनेकांना बोलता येते, पण त्याचबरोबर प्रत्येकाला ऐकावेही लागते, आणि हे दुसरे काम पहिल्यापेक्षा कठीण आहे. एखाद्या मर्यादित विषयाची गोडी असलेली माणसे ठरावीक वेळी एकत्र येतात, विचारांची देवघेव करतात आणि पुन्हा येण्याच्या इच्छेने घरी जातात, तेव्हा तिला चर्चामंडळ म्हणता येईल. असे मंडळ कसे उभे राहते, कशाने वाढते आणि कशाने मोडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. धर्मगुरू व धर्मशिक्षक या दोघांवरही असे मंडळ चालविण्याचा प्रसंग आज ना उद्या येतो. प्रस्तुत लेखकावर तो आला, आणि त्यात त्याच्या हातून चूकही घडली. ती चूक कोणती हे कळण्यासाठी आधी हैदराबादच्या इतिहासातील एक प्रसंग पाहणे उपयुक्त ठरेल.

२. विवेकवर्धिनीतील एक दिवस

निजामाच्या संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलुगूभाषक, पाच मराठी आणि तीन कन्नड होते. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठेवण्यात आले. हैदराबाद शहरात मराठी समाज संख्येने मोठा नसला तरी विद्येत व सार्वजनिक कार्यात पुढे होता. केशवराव कोरटकर व वामनराव नाईक यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या परिश्रमांतून उभी राहिलेली विवेकवर्धिनी ही संस्था अनेक चळवळींचे माहेरघर बनली होती.

याच विवेकवर्धिनीत नोव्हेंबर १९२१ मध्ये सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. भाषणे इंग्रजी, उर्दू व मराठी या भाषांतून होत होती. अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूतून बोलावयास उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांतील काहींनी गलका व टाळ्या करून त्यांना बोलू दिले नाही. ज्या संस्थानातील जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी होती, त्याच्या राजधानीत, सुधारणेच्या व्यासपीठावर हे घडले. गलका करणाऱ्यांत मराठी मंडळी होती, हे आपण मराठी भाषकांनी स्वच्छपणे मान्य केले पाहिजे.

दुखावलेले काही तेलुगू तरुण त्याच रात्री एकत्र जमले. त्या बैठकीतून आंध्र जनसंघ जन्मास आला. परिषदेत विचार थोर होते, अध्यक्ष तर त्याहून थोर होते. परंतु एका माणसाचे बोलणे ऐकून घेतले गेले नाही एवढ्या कारणाने एक समाज उठून गेला व त्याने आपले वेगळे घर बांधले. परिषदेत कोणते ठराव संमत झाले हे आज फारसे कोणास स्मरत नाही. तो गलका मात्र तेलंगणाच्या इतिहासाच्या प्रत्येक ग्रंथात नोंदला गेला आहे.

३. लहान बैठकीतून मोठी सभा

आंध्र जनसंघ वाढला कसा, हे अभ्यासण्यासारखे आहे. त्याने आरंभी मोठी सभा भरविली नाही. भाषेची व ग्रंथांची सेवा हा मर्यादित हेतू त्याने डोळ्यांसमोर ठेवला. गावोगाव वाचनालये काढणे, जुनी हस्तलिखिते व शिलालेख जमविणे, विद्यार्थ्यांना साहाय्य करणे, अशी कामे त्याने हाती घेतली. माडपाटी हनुमंतराव यांनी चिटणीस या नात्याने वर्षानुवर्षे हे काम सांभाळले. पुढे सभाबंदीसाठी कुप्रसिद्ध झालेल्या त्रेपन्न क्रमांकाच्या गश्तीमुळे परवानगीवाचून सभा भरविणे अशक्य झाले, तेव्हा वाचनालयाचा कट्टा हेच चर्चेचे स्थान राहिले.

या कामाची पूर्वतयारीही झालेली होती. श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय १९०१ मध्येच हैदराबादेत स्थापन झाले होते. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपुरास झाले होते व ते मराठीतूनही लेखन करीत. म्हणजे दोन्ही भाषांमध्ये ये-जा करणारी माणसे होती. ये-जा थांबली ती सभागृहात.

या बैठकीतूनच पुढे आंध्र महासभा उदयास आली. तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेट येथे सुरवरम प्रतापरेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. प्रतापरेड्डी हे ‘गोलकोंडा पत्रिका’ या नियतकालिकाचे संपादक होते. तेलंगणात कवीच नाहीत, असे विधान कोणी केले असता त्यांनी वाद घातला नाही. गावोगावच्या कवींना त्यांनी रचना पाठविण्याचे आवाहन केले आणि १९३४ मध्ये ३५४ कवींच्या रचनांचा ‘गोलकोंडा कवुल संचिका’ हा संग्रह प्रसिद्ध केला. मंडळ चालविणाऱ्याने यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. लोकांकडे सांगण्यासारखे काही नाही असे आपणांस वाटते, तेव्हा बहुधा आपण विचारलेलेच नसते.

४. दोन जुनी मराठी उदाहरणे

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे प्रथम मुद्रित झाले. त्या ग्रंथाचा आरंभच एका श्रोत्याच्या प्रश्नाने होतो. साष्टीत धर्मशिक्षण चालू असता श्रोता विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे वाचू नका असे सांगता, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून उभा आहे, आणि कथन चालू असतानाही श्रोते मधूनमधून शंका विचारीत राहतात. शिकविणाऱ्याने तो प्रश्न उद्धटपणा मानून दडपला असता, तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते!

दुसरे उदाहरण परमहंस सभेचे. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग व त्यांचे सहकारी यांनी ही सभा स्थापिली. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू होता. पण तिचे कामकाज गुप्त असे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटल्याचे कळताच सभासद भयभीत झाले व सभा मोडली. पुढे १८६७ साली त्याच परंपरेतील काही मंडळींनी प्रार्थना समाज उघडपणे स्थापन केला, आणि तो टिकला. हेतू उत्तम असूनही जे मंडळ दार लावून बसते, ते दार वाजताच उधळते.

५. कुकटपल्लीतील अनुभव

कुकटपल्ली हे एके काळचे तळ्याकाठचे गाव. आज ते हैदराबाद महानगरात पूर्णपणे मिसळून गेले आहे, आणि २०१७ पासून मेट्रो रेल्वेही तेथून धावते. बाळानगर व सनतनगरच्या कारखान्यांत नोकरीसाठी नांदेड, लातूर, परभणीकडून आलेली जुनी मराठी कुटुंबे, तसेच संगणक क्षेत्रात काम करणारी नवी तरुण मंडळी, असे दोन्ही थर येथे आढळतात. त्यांच्यासाठी आम्ही पंधरवड्यातून एकदा जमावयाचे ठरविले. विषय मुद्दाम अरुंद ठेवला : शुभवर्तमानातील शेतीविषयक दाखले, आणि तेवढेच. पहिल्या बैठकीस बावीस माणसे होती. सहाव्या बैठकीस सात उरली.

कारण शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. दुसऱ्या बैठकीत पेरणाऱ्याचा दाखला चर्चेस होता. कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बोलावयास उभे राहिले. बालपण नांदेडकडील खेड्यात, संसार तेलंगणात. त्यामुळे त्यांच्या मराठीत तेलुगू व दखनी शब्द सहज मिसळत. त्यांनी विचारले, “आमच्याकडं तिफणीनं पेरत्यात, बी वाटेवर पडतच नाही. हा कसला शेतकरी?” त्यांच्या उच्चारावर तरुणांपैकी काही जण हसले. मी हसलो नाही. मी घाईने तयार उत्तर दिले व पुढच्या मुद्द्याकडे वळलो. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. त्यांच्यामागोमाग जुन्या वसाहतीतील इतर कुटुंबेही येईनाशी झाली.

वास्तविक त्या बैठकीतील सर्वांत मर्मग्राही प्रश्न तोच होता. तिफणीने ओळीत पेरणे आणि हाताने फेकून पेरणे यांत फरक आहे. पॅलेस्टाईनमध्ये बी फेकून पेरीत. पेरणी आधी व नांगरणी नंतर, अशी तेथील रीत असल्याने मळलेल्या पायवाटेवरही बी पडे, असे योआखिम येरेमियास या बायबल-अभ्यासकाने प्रतिपादन केले, व त्यावर इतर विद्वानांनी आक्षेपही घेतले. ज्या मुद्द्यावर विद्वानांत मतभेद झाले तो मुद्दा एका कारखाना-कामगाराने आपल्या शेतीच्या अनुभवावरून नेमका हेरला होता, आणि मी त्याला दोन वाक्यांत वाटेला लावले होते. विवेकवर्धिनीतील त्या सभेचा इतिहास मी अनेकदा वाचला होता. तो आपल्याच खोलीत घडत असता मला ओळखता आला नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, “फादर, तुम्ही हसला नाहीत. पण हसणाऱ्यांना काही म्हणालाही नाहीत.” याहून नेमके शब्द मला सापडत नाहीत.

६. व्यवहारातील काही सूचना

या अनुभवांवरून पुढील गोष्टी सुचतात.

(अ) विषय अरुंद असावा. ‘श्रद्धा व जीवन’ असा विषय घेतला की शिकलेला माणूसच बोलतो. ‘पेरणी’ असा विषय घेतला की ज्याने पेरले आहे तो बोलतो. विषय अरुंद केल्याने बोलू शकणाऱ्यांची संख्या घटत नाही; कित्येकदा ती वाढते.

(आ) आरंभ लहान असावा. नियमाने येणारी पाच-सहा माणसे हा मंडळाचा कणा होय. ती तयार होईपर्यंत जाहीर आमंत्रण देऊ नये. वार, वेळ व जागा मात्र बदलू नयेत. धर्मगुरू परगावी गेला तरी बैठक व्हावी. ती होत नसेल तर मंडळ अजून झालेले नाही असे समजावे.

(इ) प्रश्नाला प्रथम उत्तर धर्मगुरूने देऊ नये. त्याने उत्तर दिले की प्रश्न संपतो. ‘यावर आणखी कोणास काय वाटते?’ असे विचारून त्याने थांबावे, आणि नंतर येणारी शांतता सहन करावी. आम्हां धर्मगुरूंना ती फार जड जाते.

(ई) नियम थोडे व उघड असावेत : एकाने बोलताना दुसऱ्याने बोलू नये, कोणाच्या भाषेवर वा शिक्षणावर टीका करू नये, मतावर टीका अवश्य करावी. नियमभंग झाल्यास संचालकाने तेथेच, सौम्य पण स्पष्ट शब्दांत बोलावे. अशा वेळी संचालकाचे मौन दुखावलेल्याला संमतीसारखेच भासते.

(उ) टिपणवही ठेवावी. कोणी काय विचारले हे तीत लिहावे व पुढील बैठकीच्या आरंभी वाचावे. आपला प्रश्न पंधरा दिवसांनी आपल्या नावानिशी वाचला गेला की माणूस पुन्हा येतो. नवीन येणाऱ्यालाही मागचा धागा सापडतो.

(ऊ) न येणाऱ्याकडे जावे. मंडळाची वाढ नव्या सभासदांवरून मोजण्याची आपणांस सवय असते. परंतु कोण यावयाचे थांबले व का, हे ज्यास ठाऊक नाही त्यास आपल्या मंडळाची प्रकृती कळलेली नाही.

७. समारोप

आमचे मंडळ आज चालू आहे. उपस्थिती बाराच्या आसपास असते. त्या गृहस्थांचा प्रश्न आम्ही पुन्हा चर्चेस घेतला व त्यावर तीन बैठका खर्च केल्या. तिसऱ्या बैठकीस ते स्वतः आले आणि तिफणीचे चित्र फळ्यावर काढून त्यांनी ती कशी चालते ते तरुणांना समजावून दिले. ते प्रत्येक वेळी येतात असे नाही, आणि त्यांनी यावे असा आग्रह धरण्याचा अधिकार मला उरलेला नाही. मात्र ते येतात तेव्हा त्यांच्या तोंडचा तेलुगू शब्द कोणास अडला तर तो अर्थ विचारतो, हसत नाही. मंडळाची प्रगती मोजण्यास सध्या मला एवढे माप पुरेसे वाटते.