तांडेल
मच्छीमार नौकेवरील खलाशांचा प्रमुख. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वी कुलाबा) किनाऱ्यावरील कोळ्यांत हा शब्द रूढ आहे. डोल जाळे भरतीओहोटीच्या प्रवाहावर चालत असल्याने प्रवाह मंदावताच ते उचलावे लागते. त्या थोडक्या अवधीत हुकुमाचा अर्थ चुकल्यास जाळे जाते, प्रसंगी माणूसही. म्हणून उतावळ्या खलाशास आधीच थोपविणे, बुजऱ्यास काम किनाऱ्यावर दाखवून देणे आणि अनुभवी पण हट्टी गड्यास चारचौघांत न दटावता बाजूस घेऊन सांगणे इष्ट ठरते. कार्ल युंग यांचे अंतर्मुख-बहिर्मुख वर्गीकरण (१९२१) येथे उपयोगी पडते. मात्र कोणतीही व्यक्ती सर्वस्वी एकाच प्रकारात बसत नाही. किनाऱ्यावर अबोल असलेला खलाशी वादळात नेमके बोलू शकतो.